जुना गेम, नवा संगणक : ‘व्हाइस सिटी’ अडखळू लागते तेव्हा

वीस-बावीस वर्षांपूर्वीचा गेम आजच्या संगणकावर विनातक्रार चालावा, अशी अपेक्षा गैर नाही. दरम्यानच्या काळात प्रोसेसरचा वेग, मेमरी आणि ग्राफिक्स कार्डाची क्षमता कित्येक पटींनी वाढली आहे. तरीही अनुभव अनेकदा उलट येतो. नवाकोरा लॅपटॉप, त्यावर आवडीने टाकलेला जुना गेम, आणि पडद्यावर मात्र गाडी धक्के खात चाललेली, रेडिओवरचे गाणे मध्येच तुटणारे, संवाद करकरणारे. अशा वेळी कोणी नवे ग्राफिक्स कार्ड घेण्याचा सल्ला देतो, तर दुरुस्तीच्या दुकानात ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे सांगितले जाते. पहिल्या सल्ल्यात पैसे जातात आणि दुसऱ्यात घरातील छायाचित्रांसह सारी माहिती पणाला लागते. बहुतेक वेळा या दोन्हींची गरज नसते.

‘ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी’ हे याचे चांगले उदाहरण. एडिंबरो येथील रॉकस्टार नॉर्थ या कंपनीने तयार केलेला हा गेम ऑक्टोबर २००२ मध्ये प्लेस्टेशन २ वर आणि मे २००३ मध्ये संगणकावर आला. मुंबई-पुण्यापासून लहान शहरांपर्यंत सायबर कॅफेंमध्ये आणि घरोघरी एक अख्खी पिढी त्यावर वाढली. (गेम प्रौढांसाठीचा होता, याकडे तेव्हा फारसे कोणी लक्ष दिले नाही, हा भाग वेगळा.) त्याची किमान गरज होती ती ८०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १२८ मेगाबाइट मेमरी आणि ३२ मेगाबाइटचे ग्राफिक्स कार्ड. आजचा स्वस्तातला लॅपटॉपही याच्या कितीतरी पुढे आहे. म्हणजेच अडचण ताकदीची नाही. हा गेम ज्या गृहीतांवर उभा आहे, ती गृहीते आज बदललेली आहेत, हे खरे कारण. कोणते गृहीत मोडले ते शोधणे म्हणजेच दुरुस्ती.

तक्रार नेमकी कोणती?

‘गेम लॅग होतो’ या एका वाक्यात किमान तीन वेगवेगळ्या तक्रारी दडलेल्या असतात आणि त्यांची कारणेही वेगळी असतात. पहिली, चित्र अडखळणे : गाडी सरळ रस्त्यावर असूनही दृश्य ठरावीक किंवा अनियमित अंतराने धक्का खाते. दुसरी, हालचालीला उशीर : माउस फिरवल्यावर कॅमेरा क्षणभराने वळतो. तिसरी, संपूर्ण गेमच मंदावणे : माणसे व गाड्या जणू पाण्यातून चालल्यासारख्या दिसतात. आवाजाच्या तक्रारीही अशाच निरनिराळ्या आहेत. करकर किंवा टकटक, एकच तुकडा पुन्हा पुन्हा वाजत राहणे, आणि आवाज मुळातच नसणे, या तिन्ही गोष्टी एक नव्हेत.

‘लॅग’ हा शब्द आज प्रामुख्याने ऑनलाइन खेळांमुळे परिचित झाला आहे. तेथे त्याचा संबंध इंटरनेटच्या वेगाशी असतो. ‘व्हाइस सिटी’ हा मात्र एकट्याने खेळायचा, इंटरनेटशिवाय चालणारा गेम आहे. त्यासाठी अधिक वेगाची जोडणी घेतल्याने काहीही फरक पडत नाही.

सुरुवात करण्यापूर्वी

कोणतीही सेटिंग बदलण्याआधी ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘जीटीए व्हाइस सिटी यूजर फाइल्स’ या फोल्डरची प्रत दुसरीकडे ठेवावी. खेळाडूने जतन केलेला सारा खेळ याच फोल्डरमध्ये असतो. गेमच्या सेटिंग्ज साठवणारी ‘सेट’ या प्रकारची फाइलही येथेच असते. ही फाइल बिघडलेली असेल, किंवा जुन्या संगणकावरून जशीच्या तशी आणलेली असेल, तर गेम सुरूच होत नाही किंवा विचित्र वागतो. ती काढून टाकल्यास पुढच्या वेळी गेम मूळ सेटिंग्जसह नवी फाइल तयार करतो. जतन केलेल्या खेळाला त्याने धक्का लागत नाही.

दुसरा नियम अधिक महत्त्वाचा. एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर त्याच रस्त्यावरून, त्याच गाडीने, पाच मिनिटे खेळून पाहावे. पाच उपाय एकदम केल्यास कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही. शिवाय एखाद्या उपायाने नवा बिघाड केला तर तोही शोधता येत नाही.

चित्र का अडखळते?

‘व्हाइस सिटी’च्या डिस्प्ले मेन्यूत ‘फ्रेम लिमिटर’ नावाचा पर्याय आहे. तो चालू असताना गेम सेकंदाला साधारण ३० चित्रे दाखवतो. हल्लीच्या खेळाडूंना ६० किंवा त्याहून अधिक चित्रांची सवय असल्याने हा पर्याय बंद करण्याचा मोह होतो. तो टाळावा. या गेमची रचना व चाचणी त्या काळच्या वेगांसाठी झाली होती. आजचा संगणक सेकंदाला शेकडो चित्रे काढू लागला की गाड्यांच्या हाताळणीत व टकरींत विचित्रपणा दिसू लागतो. लिमिटर बंद केल्यावर गुळगुळीत दिसणारे चित्र म्हणजे बिघाड दुरुस्त झाला असे नव्हे. पुष्कळदा ती नव्या बिघाडाची सुरुवात असते.

लिमिटर चालू असूनही धक्के जाणवत असतील तर मॉनिटरकडे पाहावे. मॉनिटर सेकंदाला ठरावीक वेळा चित्र ताजे करतो. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर ३० चित्रे नेमकी बसतात, कारण प्रत्येक चित्र दोनदा दाखवले जाते. १२० हर्ट्झवर ते चारदा दाखवले जाते. पण ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर हिशेब अडीचचा येतो. मग एक चित्र दोनदा, तर पुढचे तीनदा दाखवावे लागते. एक सुमारे २६.७ मिलिसेकंद आणि दुसरे ४० मिलिसेकंद टिकते. गेम अगदी व्यवस्थित चालत असूनही डोळ्याला लंगडेपणा जाणवतो. १४४ हर्ट्झवरही हीच गत. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन खेळण्यापुरता मॉनिटर ६० किंवा १२० हर्ट्झवर ठेवणे हा यावरचा बिनखर्चाचा उपाय आहे.

तिसरे कारण विंडोजच्या घड्याळाशी निगडित आहे. विंडोजचे अंतर्गत घड्याळ सामान्यतः दर १५.६ मिलिसेकंदांनी पुढे सरकते. एखादा प्रोग्राम विनंती करून हा टप्पा एक मिलिसेकंदापर्यंत खाली आणू शकतो. पूर्वी एका प्रोग्रामची विनंती साऱ्या संगणकाला लागू होई. मागे एखादा ब्राउझर किंवा गाणी वाजवणारा प्रोग्राम सुरू असला, तर त्याचा लाभ जुन्या गेमलाही मिळत असे. २०२० मध्ये आलेल्या विंडोज १० च्या २००४ क्रमांकाच्या आवृत्तीपासून ही पद्धत बदलली. आता ज्याने मागितले त्यालाच सूक्ष्म घड्याळ मिळते. त्यामुळे ज्या जुन्या गेमनी ते स्वतः कधी मागितलेच नव्हते, त्यांपैकी काहींचा ताल पूर्वीपेक्षा बिघडला. ‘आधी चालत होता, अपडेटनंतर बिघडला’ या तक्रारीमागे कधीकधी हे कारण असते.

चौथा मुद्दा ग्राफिक्सच्या भाषेचा. हा गेम डायरेक्ट थ्रीडी ८ या जुन्या पद्धतीने ग्राफिक्स कार्डाशी बोलतो. आजचे ड्रायव्हर ती भाषा समजतात, पण तिच्याकडे फारसे लक्ष पुरवत नाहीत. त्यासाठी मधे दुभाषा बसवता येतो. ‘डीजीव्हूडू २’ हा प्रोग्राम जुन्या सूचना डायरेक्ट थ्रीडी ११ किंवा १२ मध्ये बदलतो. ‘डीएक्सव्हीके’ हा प्रोग्राम त्या व्हल्कन या आधुनिक पद्धतीत आणतो. त्याच्या जुलै २०२४ मधील २.४ या आवृत्तीपासून डायरेक्ट थ्रीडी ८ ची सोयही त्यात आली. दोन्ही विनामूल्य आहेत. संबंधित फाइल गेमच्या फोल्डरमध्ये ठेवली की काम होते आणि नको असल्यास तीच फाइल काढून टाकता येते. मूळ विंडोजला हात लागत नाही, हा यातला मोठा फायदा. मात्र दोन दुभाषे एकाच वेळी बसवू नयेत.

आवाजाचे गणित

चित्र क्षणभर उशिरा आले तर डोळा सांभाळून घेतो. कान तसे करत नाही. सीडीच्या दर्जाच्या आवाजात सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि ते एकापाठोपाठ एक, खंड न पडता स्पीकरपर्यंत पोहोचावे लागतात. यासाठी संगणक थोडे नमुने आधीच एका साठ्यात, म्हणजे बफरमध्ये, भरून ठेवतो. हा साठा २० मिलिसेकंदांचा असेल तर त्यात ८८२ नमुने मावतात. तो रिकामा होण्याआधी पुन्हा भरला गेला नाही तर आवाजात फट पडते आणि आपल्याला टकटक ऐकू येते. साठ्यातला जुनाच तुकडा पुन्हा वाजला तर आवाज अडकून राहतो. करकर ही स्पीकरची खराबी असेलच असे नाही. कोणीतरी साठा वेळेवर भरत नाही, एवढाच तिचा अर्थ.

‘व्हाइस सिटी’च्या काळात हे काम बऱ्याच अंशी साउंड कार्डाकडे सोपवता येई. क्रिएटिव्ह कंपनीची साउंड ब्लास्टर लाइव्ह आणि ऑडिजी ही कार्डे त्यासाठी नावाजलेली होती. बोगद्यातला घुमणारा आवाज, मोकळ्या रस्त्यावरचा वेगळा आवाज असे परिणाम ‘ईएएक्स’ या तंत्राने कार्डच निर्माण करत असे. जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या विंडोज व्हिस्टामध्ये मायक्रोसॉफ्टने ध्वनीची संपूर्ण रचना नव्याने केली आणि जुन्या डायरेक्टसाउंड पद्धतीला कार्डाकडे थेट काम सोपवण्याची मुभा उरली नाही. तेव्हापासून ते काम सॉफ्टवेअरद्वारे, म्हणजे प्रोसेसरकडून करून घेतले जाते. जुन्या गेमना हा बदल ठाऊक नाही. ते आजही कार्डाला हाक मारतात आणि उत्तर दुसराच कोणी देतो.

‘व्हाइस सिटी’ आवाजासाठी माइल्स साउंड सिस्टिम ही त्या काळी सर्रास वापरली जाणारी प्रणाली वापरते. गेमच्या ऑडिओ सेटअप मेन्यूत ‘ऑडिओ हार्डवेअर’ या नावापुढे काही पर्याय दिसतात. संगणकानुसार ते कमी-अधिक असतात. आवाज तुटत असल्यास प्रथम ‘माइल्स फास्ट टूडी पोझिशनल ऑडिओ’ हा पर्याय निवडावा. तो सर्वांत हलका आहे. त्याने तक्रार मिटली तर दोष थ्रीडी ध्वनीच्या जुन्या मार्गात होता हे निश्चित होते. त्याच मेन्यूतील ‘डायनॅमिक अकूस्टिक मॉडेलिंग’ हा पर्यायही बंद करून पाहावा. आसपासच्या भिंतींनुसार प्रतिध्वनी ठरवण्याचे काम तो करतो. आजच्या साध्या साउंड चिपवर त्याचा लाभ जवळपास शून्य आहे.

ज्यांना ईएएक्सचा मूळ अनुभवच हवा आहे, त्यांच्यासाठी मार्ग अगदी बंद झालेला नाही. क्रिएटिव्हने आपल्या कार्डांसाठी ‘अल्केमी’ नावाचा प्रोग्राम दिला. तो डायरेक्टसाउंडच्या सूचना ओपनएएल या पद्धतीत बदलतो. इतर कार्डांवर ‘डीएसओएएल’ हा मुक्त प्रोग्राम तेच काम करतो. पण आधी आवाज सलग करावा, घुमण्याची हौस नंतर पुरवावी.

दोष गेममध्ये की संगणकात?

गेममध्ये करकर ऐकू येत असेल तर गेम बंद करून त्याच स्पीकरवर एखादे गाणे दहा मिनिटे ऐकावे. तेथेही टकटक होत असेल तर गेमच्या सेटिंग्जमध्ये वेळ घालवण्यात अर्थ नाही. अशा वेळी बहुधा एखादा ड्रायव्हर, विशेषतः वाय-फायचा, प्रोसेसरला क्षणभर अडवून ठेवत असतो. वाय-फाय बंद केल्यावर आवाज सुधारला तर चोर सापडला. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून तो ड्रायव्हर अद्ययावत करावा. ‘लेटन्सीमॉन’ हा प्रोग्राम कोणता ड्रायव्हर किती वेळ अडवतो हे आकड्यांत दाखवतो.

गाणे नीट वाजत असेल तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये स्पीकरचा ‘डीफॉल्ट फॉरमॅट’ पाहावा. काही संगणकांवर तो १,९२,००० हर्ट्झसारख्या अवाजवी आकड्यावर असतो. तो १६ बिट आणि ४४,१०० किंवा ४८,००० हर्ट्झवर आणावा. ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ बंद करावेत.

ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर एकदा वायरचा हेडफोन लावून पाहा. ब्लूटूथमध्ये आवाज सहज एक-दोन दशांश सेकंद मागे पडतो, त्यामुळे गोळी आधी सुटते आणि आवाज मागून येतो. त्यातच मागे एखाद्या प्रोग्रामने मायक्रोफोन चालू ठेवला असेल तर हेडफोन बोलण्यासाठीच्या निकृष्ट दर्जावर उतरतो आणि सारा रेडिओ जुन्या टेलिफोनसारखा ऐकू येतो. हा बिघाड नव्हे. मायक्रोफोन वापरणारा प्रोग्राम बंद करणे पुरेसे असते.

डिस्क आणि अँटिव्हायरस

‘व्हाइस सिटी’ संपूर्ण शहर एकदम मेमरीत घेत नाही. गाडी पुढे जाईल तसतसे रस्ते व इमारती डिस्कवरून वाचल्या जातात आणि त्याच वेळी रेडिओही डिस्कवरूनच येत असतो. वेगाने गाडी हाकतानाच चित्र आणि आवाज दोन्ही अडखळत असतील, आणि एका जागी उभे राहिल्यावर सारे सुरळीत होत असेल, तर संशय डिस्कवर घ्यावा. गेम पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरून जोडलेल्या जुन्या हार्ड डिस्कवर असेल तर तो आतील डिस्कवर हलवावा. प्रत्येक वाचनाच्या वेळी तपासणी करणारा अँटिव्हायरसही असाच अडथळा आणतो. गेम खात्रीच्या ठिकाणाहून घेतलेला असेल तरच त्याचा फोल्डर तपासणीतून वगळावा.

‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरमध्ये लिहिण्यावर व्हिस्टापासून निर्बंध आले. २००३ च्या गेमला ते माहीत नाहीत. त्यासाठी वेगळा साधा फोल्डर करून त्यात गेम बसवणे सोयीचे ठरते.

प्रोसेसर, वीज आणि उष्णता

येथे एक गमतीदार विरोधाभास आहे. हा गेम आजच्या प्रोसेसरला इतका हलका वाटतो की वीज वाचवण्यासाठी तो आपला वेग कमी करतो आणि एखाद्या गजबजलेल्या चौकात अचानक भार वाढला की क्षणभर कमी पडतो. लॅपटॉप चार्जरला जोडून, विंडोजची वीजयोजना ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवून पाहावे. दोन ग्राफिक्स चिप असलेल्या लॅपटॉपमध्ये कोणती वापरायची हे विंडोजच्या ग्राफिक्स सेटिंगमध्ये प्रत्येक प्रोग्रामसाठी ठरवता येते.

गेम एकाच कोअरवर बांधून ठेवावा, हा सल्ला जुना आहे. २००५ च्या सुमाराला दोन कोअरचे पहिले घरगुती प्रोसेसर आले, तेव्हा काहींमध्ये दोन्ही कोअरची घड्याळे जुळत नसत आणि गेमचा वेळ मागेपुढे उडत असे. आजच्या प्रोसेसरमध्ये तो दोष राहिलेला नाही. तरीही टास्क मॅनेजरमधील ‘सेट अफिनिटी’ वापरून एकदा पाहण्यास हरकत नाही. फरक न पडल्यास सोडून द्यावे.

पहिली पंधरा-वीस मिनिटे गेम उत्तम चालतो आणि नंतर हळूहळू मंदावतो, असे होत असेल तर ते उष्णतेचे लक्षण समजावे. गादीवर किंवा उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपची हवा कोंडते, पंख्यात धूळ साठते आणि प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग उतरवतो. येथे कोणतीही सेटिंग उपयोगाची नाही. पंखा साफ करून घेणे हाच उपाय.

सुधारणा घ्याव्यात, पण कोठून?

उत्साही जाणकारांनी तयार केलेला ‘सायलेंटपॅच’ हा विनामूल्य सुधारणासंच या मालिकेतील जुन्या गेममधील अनेक मूळ दोष दुरुस्त करतो. वर सांगितलेले उपाय करूनही त्रास उरला तर तो जरूर बसवावा. त्याच्या सोबत दिलेली सूचना वाचून आपल्या आवृत्तीला तो लागू आहे याची खात्री करावी. विंडोजचा ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ही वापरून पाहता येतो. त्याने विंडोज खरोखर एक्सपी होत नाही. गेमने विचारलेल्या काही प्रश्नांना जुन्या पद्धतीची उत्तरे तेवढी दिली जातात.

‘अमुक डीएलएल फाइल सापडत नाही’ असा संदेश आला की ती फाइल शोधून कोणत्याही संकेतस्थळावरून उतरवण्याची सवय मात्र घातक आहे. डायरेक्टएक्स ९ च्या काळातील बऱ्याच फाइल्स मायक्रोसॉफ्टच्या जून २०१० च्या संचात एकत्र मिळतात. त्या तेथूनच घ्याव्यात. जुन्या सीडी चालत नाहीत म्हणून ‘क्रॅक’ शोधणाऱ्यांनीही सावध राहावे. त्या काळातील अनेक सीडींवरील सेफडिस्क हे संरक्षण विंडोज १० पासून चालत नाही, हे खरे. पण त्यावरचा उपाय म्हणून घेतलेल्या अनोळखी फाइलमधून संगणकात शिरलेला विषाणू बँकेच्या पासवर्डपर्यंत पोहोचू शकतो. गेम पुन्हा मिळेल, खात्यातले पैसे मिळतीलच असे नाही.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे फिरलेल्या आकाराने आटवलेल्या बेकायदा प्रतींत रेडिओ व संवाद पुष्कळदा काढूनच टाकलेले असत. १९८६ च्या वातावरणात घडणाऱ्या या गेमचा प्राण म्हणजे त्याची नऊ रेडिओ केंद्रे, आणि ती केंद्रेच गप्प असत. अशा प्रतीत आवाज नसेल तर कोणत्याही सेटिंगने तो येणार नाही. नंतरच्या डिजिटल आवृत्तींमधूनही गाण्यांच्या परवान्यांच्या कारणाने काही गाणी वगळली गेली. आठवणीतले एखादे गाणे ऐकू आले नाही तर तो संगणकाचा दोष नव्हे.

थोडक्यात क्रम

१. जतन केलेल्या खेळाची प्रत काढा. सेटिंगची फाइल काढून गेम पुन्हा सुरू करा.
२. फ्रेम लिमिटर चालू आणि मॉनिटर ६० किंवा १२० हर्ट्झवर ठेवा.
३. ऑडिओ हार्डवेअरमध्ये सर्वांत हलका पर्याय निवडा.
४. गेमबाहेर गाणे ऐकून दोष गेमचा की संगणकाचा हे ठरवा.
५. वायरचा हेडफोन, चार्जर, आतील डिस्क या तीन गोष्टी तपासा.
६. त्यानंतरच दुभाषा प्रोग्राम व सुधारणासंच वापरा.
७. नवे हार्डवेअर आणि फॉरमॅट यांचा विचार सर्वांत शेवटी, आणि शक्यतो करूच नका.

हा क्रम केवळ ‘व्हाइस सिटी’पुरता नाही. मेन्यूतली नावे बदलतील, पण त्या पिढीतील बहुतेक गेमना तो थोड्याफार फरकाने लागू पडतो. जुना गेम म्हातारा होत नाही. त्याची फाइल पहिल्या दिवशी होती तशीच असते. बदलते ते भोवतालचे जग, आणि त्या जगाशी त्याची पुन्हा गाठ घालून देण्यासाठी पैशांपेक्षा थोडा धीर अधिक उपयोगी पडतो.